नाटक शिकवणं, बसवणं आणि रंगमंचावरच्या लढाया: बेळगावात राहून यावर पोट भरतं का?

तुम्ही विचारलंय की वय तेवीस, बी.कॉम. झालंय, गाव खानापूर तालुक्यात, कॉलेजात एकांकिका केल्यात, लहानपणापासून लाठीकाठी आणि दांडपट्टा खेळताय. तर नाटक शिकवणं, दिग्दर्शन आणि तलवारबाजीचे प्रसंग बसवणं हे पूर्णवेळ काम होऊ शकतं का, आणि त्यासाठी पुण्या-मुंबईला जावंच लागतं का.

होऊ शकतं. गेली एकोणीस वर्षं मी बेळगावात हेच करतोय. मात्र यातलं कुठलंही एक काम वर्षभर घर चालवत नाही. तिन्ही धरावी लागतात.

आमचं वर्ष शाळा आणि सणावारांवर चालतं. जूनपासून शाळांत नाट्यवर्गाचे तास. ऑक्टोबरात कित्तूर उत्सव जवळ आला की इंग्रजांशी लढलेली कित्तूरची राणी चन्नम्मा आणि तिचा सरदार संगोळ्ळी रायण्णा यांच्यावरची नाटकं. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनं. मग गावोगावच्या जत्रा सुरू होतात. पडदे भाड्याचे, स्त्रीपात्रं बाहेरून बोलावलेली, पण महिनाभर रोज रात्री जेवणं उरकल्यावर तालीम घेणारा माणूस गावाला हवा असतो. वैशाखात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि तिच्यातले सजीव देखावे. ठरलेला पैसा शाळांतून येतो, जत्रेच्या नाटकांनी नाव होतं. लढाई बसवायला मात्र लोक आपणहून शोधत येतात, कारण ते काम समजून करणारं इकडं फारसं कुणी नाही.

तुम्हाला दांडपट्टा येतो हे वाचून आनंद झाला, आणि काळजीही वाटली. पट्ट्याच्या मुठीत हात कोपराजवळपर्यंत लोखंडात जातो, मनगट अडकतं. वार खांद्यातून आणि कमरेतून फिरतो. मैदानात हेच त्याचं वैभव आहे. रंगमंचावर तोच धोका, कारण मनगट मोकळं नसलं की निघालेलं पातं ऐनवेळी आवरता येत नाही. मर्दानी खेळात वार सुटतो कसा ते तुम्ही शिकलात. नाटकात तो थांबतो कुठं ते शिकावं लागतं, आणि त्यासाठी अंगात मुरलेल्या बऱ्याच सवयी मोडाव्या लागतात. मला त्याला दोन वर्षं लागली.

मी वीस वर्षांचा असताना एका मंडळाच्या देखाव्यात पावनखिंड करत होतो. ट्रॅक्टरची ट्रॉली, वर थर्माकोलचे कडे, हातात खऱ्या लोखंडी तलवारी. समोरचा मित्र आणि मी एकाच आखाड्यातले, दोघेही तयारीचे. ट्रॉलीला ब्रेक लागला, त्याचा तोल गेला आणि पातं माझ्या डाव्या भुवईवर आलं. सात टाके पडले. रक्त बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना ते देखाव्यातलंच वाटलं. चूक त्या मित्राची नव्हती. कुठला वार कुठं थांबणार हे आम्ही दोघांनी कधी बोलूनच ठेवलं नव्हतं. या कामाचा खरा विचार मी त्या दिवसापासून करायला लागलो.

वर्गात मी सुरुवात तलवारीनं करत नाही, थपडेनं करतो. दोघं समोरासमोर उभी राहतात. हात पूर्ण लांब केला तरी बोटं समोरच्याच्या गालापासून वीतभर लांब राहतील, एवढं अंतर. आधी नजर. मग मारणारा हात मागे नेतो, ही खूण. खूण मिळाली की खाणारा मान वळवायला लागतो, आणि त्यानंतरच हात त्याच्या चेहऱ्यासमोरून हवेतून जातो. त्याच क्षणी खाणारा प्रेक्षकांना न दिसेल असे छातीशी दोन तळवे एकमेकांवर आपटतो. आवाज तो. प्रेक्षकांच्या बाजूनं बघाल तर मधलं वीतभर अंतर दिसत नाही, खणखणीत थप्पड दिसते.

म्हणजे मार खाणाराच सगळं चालवतो. तो तयार नसेल तर हात सुटतच नाही. रंगमंचावरची लढाई जिथं शास्त्र म्हणून शिकवतात, तिथं हा एक मूळ नियम आहे.

मागच्या वर्षी एका कन्नड शाळेत चन्नम्मा बसवत होतो. नववीतली एक मुलगी ब्रिटिश शिपाई झाली होती. लाकडी तलवार उचलायची आणि तिचा हात थरथरायचा. "लागेल वो सर तिला," एवढंच म्हणायची. मी तिला चार दिवस फक्त मार खायला लावला. तिनं मान हलवल्याशिवाय कुणी वार करायचा नाही, असं सगळ्यांना सांगितलं. पाचव्या दिवशी तिनं स्वतः तलवार उचलली आणि मोठ्यानं मोजायला लागली, "ओंदु, एरडु, मूरु." निम्म्या मुली मराठीत मोजायच्या, निम्म्या कन्नडमध्ये, आणि वार एकाच मात्रेवर पडायचे. १८२४ ची ती कित्तूरची लढाई त्या शाळेच्या पटांगणात मला इतकी खरी पूर्वी कधी वाटली नव्हती.

तलवारीला धार नको, टोकही गोल हवं. डोक्यावरचा वार डोक्याच्या वर हवेत थांबतो, बरगडीवरचा शरीराच्या बाहेर, भोसकणं कमरेच्या बाजूनं निघून जातं. चेहऱ्याकडं टोक कधीही नाही. तालीम अर्ध्या वेगानं, प्रयोगात वेग थोडाच वाढतो. प्रत्येक प्रयोगाआधी, तो पन्नासावा असला तरी, मेकअपला बसण्यापूर्वी सगळी लढाई एकदा सावकाश करून बघायची. उशीर झालाय म्हणून आयोजक घाई करतील. त्यांचं ऐकू नका.

आणि लढाई म्हणजे कवायत नव्हे, इथं तुमच्यातला दिग्दर्शक लागतो. पावनखिंडीत बाजीप्रभूंचे पहिले दहा वार एका संध्याकाळी बसतात. शेवटच्या तिनांना मला आठवडा लागतो. हात उचलत नाही, पाय रोवलेले, कान विशाळगडाच्या तोफेकडं. त्या तीन वारांत श्वास कुठं तुटतो हे नटाला सापडलं की मागची पंधरा मिनिटं प्रेक्षक विसरत नाहीत.

शिक्षणाचं म्हणाल तर दोन वर्षं बाहेर जाऊन या, असंच सांगेन. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची थिएटर अकादमी आहे. पण आपल्याला एक वाट आणखी आहे, आणि सीमाभागातली आपली पोरं ती बघतच नाहीत: कर्नाटकातच, शिमोगा जिल्ह्याच्या सागर तालुक्यातल्या हेग्गोडूचं नीनासम. के. व्ही. सुब्बण्णांनी १९४९ मध्ये उभी केलेली नाट्यसंस्था. शिक्षण कन्नडमध्ये असतं. तुम्हाला बाजारापुरतं कन्नड येत असेल तर लिहायला-वाचायला शिकून घ्या. इथं ज्याला दोन्ही भाषांत तालीम घेता येते त्याला काम दुप्पट मिळतं, हा माझा स्वतःचा अनुभव. जमलं तर गोकाककडं जाऊन श्रीकृष्ण पारिजात हे रात्रभर चालणारं कन्नड लोकनाट्यही बघा. एकाच नटानं जागेवर उभं राहून वेळ, जागा आणि भाव कसे बदलायचे, ते तिथं दिसतं.

घरचे म्हणतात बेळगावात नाटकाला काय आहे, असंही तुम्ही लिहिलंय. १८८० मध्ये पुण्यात शाकुंतल उभं करून मराठी संगीत नाटकाला वळण देणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. घरच्यांना हे जरूर सांगा. पण त्याबरोबर वर्षभराचा हिशेब कागदावर मांडून दाखवा, कुठल्या महिन्यात कुठलं काम. माझ्या वडिलांना तोच कागद पटला होता.

सुरुवात म्हणून दोन शाळांत जाऊन शनिवारचा एक तास मागा, आणि यंदाच्या तुमच्या गावच्या नाटकात मारामारीचा एक तरी प्रवेश अंगावर घ्या. बेळगावला आमच्या तालमीला यायचं असेल तर जरूर या. पट्टा घरी ठेवा. ज्याच्याबरोबर नेहमी खेळता त्या जोडीदाराला मात्र घेऊन या.