वाचकांचे प्रश्न : कबर कोणाच्या ताब्यात?

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत युटा राज्यात नोकरीला आहे. मागच्या महिन्यात त्याने माउंटन मेडोज नावाच्या कुरणातून एक फोटो पाठवला. ग्रॅनाइटची भिंत आणि तिच्यावर नावंच नावं. 1857 मध्ये कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या बिऱ्हाडांची तिथे कत्तल झाली, त्यांचे वंशज अजून न्याय मागतात, असं तो सांगत होता. आमचे हे म्हणाले, "मेले तेही गेले, मारणारेही गेले. आता कोणाला शिक्षा देणार? उगाळत बसायचं कशाला?" मला ते पटलं नाही, पण उत्तरही सुचलं नाही. एवढ्या वर्षांनी या लोकांना नेमकं हवं तरी काय? आणि लहान मुलं वाचली होती म्हणे, त्यांचं पुढे काय झालं?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ताई, शिक्षा एकाला झाली होती, आणि दुखणं तिथेच आहे.

आर्कान्सासहून निघालेला तो तांडा बायका-पोरांसह, गुराढोरांसह पश्चिमेला चालला होता. 7 सप्टेंबर 1857 ला त्यांच्यावर हल्ला झाला. गाड्या गोल लावून त्यांनी पाच दिवस तग धरला. पाणी समोर दिसत होतं, पण आणायला जाता येत नव्हतं. 11 तारखेला जॉन डी. ली पांढरं निशाण घेऊन आला. हत्यारं खाली ठेवा, तुम्हाला सुखरूप सीडर सिटीला पोचवतो, असा शब्द त्याने दिला. लोकांनी विश्वास ठेवला. गाड्यांत जखमी आणि तान्ही मुलं, मागे पायी बायका, त्यांच्या मागे पुरुष, प्रत्येक पुरुषाशेजारी एक बंदूकवाला 'रक्षक'. थोडं चालल्यावर इशारा झाला आणि त्या रक्षकांनीच गोळ्या घातल्या. जवळजवळ 120 माणसं गेली.

मारणारे तिथल्याच मॉर्मन (ख्रिस्ती धर्मातून निघालेला एक पंथ) वसाहतीतले, स्थानिक सैन्यदलातले लोक होते. सोबतीला काही पायूट आदिवासी. त्या उन्हाळ्यात अमेरिकेचं सैन्य युटावर चालून येत होतं, आणि त्याआधी मॉर्मनांना मिसुरी, इलिनॉयमधून हाकललं गेलं होतं. या भीतीतून माणसं कशी बिथरली हे समजतं. पण पांढरं निशाण दाखवून मारणं मला त्यातून समजत नाही, आणि समजून घ्यायचंही नाही.

खटला उभा राहायला 18 वर्षं लागली. 1874 मध्ये नऊ जणांवर आरोप ठेवले. 1875 च्या पहिल्या खटल्यात ज्यूरीचं एकमत झालं नाही. 1876 मध्ये एकटा ली दोषी ठरला आणि 23 मार्च 1877 ला त्याच कुरणात त्याला शवपेटीवर बसवून गोळ्या घातल्या. बाकी कोणालाच शिक्षा नाही! शिवाय कितीतरी वर्षं सगळा दोष पायूटांच्या माथी मारला गेला. ज्यांची स्वतःची बाजू कोणी लिहून घेतली नाही, त्यांच्यावर ढकललं की प्रकरण मिटतं, हा हिशेब आपल्याकडेही चालतो.

आता वंशजांना काय हवं, ते. पैसे नकोत. आपल्या माणसांच्या कबरी कोणाच्या ताब्यात असाव्यात, हा त्यांचा एक मोठा झगडा. 1859 मध्ये सैन्याच्या तुकडीने उघड्यावर पडलेली हाडं गोळा करून पुरली, वर दगडांची रास रचली. पुढे ती जागा मॉर्मन चर्चकडे आली. तुमची माणसं ज्यांच्या पूर्वजांनी मारली, त्यांच्याच संस्थेकडे कबरींची किल्ली, हे किती जणांना सोसेल? म्हणून काही वंशजांची मागणी होती की जागा केंद्र सरकारने सांभाळावी. 1999 च्या ऑगस्टमध्ये स्मारकाची डागडुजी चालू असताना खोदणाऱ्या यंत्राला हाडं लागली. किमान 28 जणांची. शास्त्रज्ञांनी तपासणी सुरू केली, पण गव्हर्नरच्या सांगण्यावरून ती अर्धवट थांबवून सप्टेंबरमध्ये सगळं पुन्हा पुरलं. वंशजांमध्येही यावरून दोन तट होते. कोणी म्हणे, हाडांना आता त्रास नको. कोणी म्हणे, हाडं बोलतायत तर बोलू द्या. मी दुसऱ्या बाजूचा.

2007 मध्ये दीडशेव्या स्मृतिदिनी चर्चच्या ज्येष्ठ नेत्याने तिथे जाऊन खेद व्यक्त केला, पायूटांवर अन्याय झाला हेही वेगळं सांगितलं. 2011 मध्ये ती जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाली. तुमच्या भाच्याने पाहिलेली नावांची भिंत 1990 ची आहे. 133 वर्षं लागली, ताई, नावं एका जागी कोरायला.

मी नागपुरातच शाळेत इतिहास शिकवला. 23 नोव्हेंबर 1994 ला विधानसभेवरच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन 114 गोवारी बांधव गेले. ती कत्तल नव्हती, दोन्ही घटना मी एका तराजूत घालत नाही. पण दर 23 नोव्हेंबरला मी झिरो माइलजवळच्या स्मारकाशी जातो. एका वर्षी एक म्हातारी माय पदराच्या टोकात झेंडूची चार फुलं बांधून आली होती. गाठ सोडता सोडता तिने विचारलं, "गुरुजी, पोट्ट्यायच्या पुस्तकात हाये का हे?" नव्हतं. मी तसं सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि फुलं वाहू लागली. तुमच्या यजमानांना हे जरूर सांगा. त्या माउलीला कोणाची फाशी नको होती.

मुलांचं विचारलंत. सात वर्षांखालची 17 मुलं सोडली होती. एवढी लहान पोरं काय साक्ष देणार, असं मारणाऱ्यांनी धरलं होतं. त्यांना तिथल्याच घरांत वाटून ठेवलं. 1859 मध्ये सरकारी अधिकाऱ्याने शोधून काढलं आणि आर्कान्सासला नातेवाइकांकडे पोचवलं. त्यातली नॅन्सी हफ कत्तलीच्या वेळी चार वर्षांची होती. 1875 मध्ये, ज्या वर्षी पहिला खटला निकालाविना संपला, त्याच वर्षी तिने आपली हकिगत सांगितली. ज्या घरात तिला ठेवलं होतं, तिथली अंथरुणं-पांघरुणं आणि कपडे तिने ओळखले होते. ते तिच्या आईचे होते.