घरच्या बागेसाठी पेट्रोलऐवजी बॅटरीवर चालणारी यंत्रे घ्यावीत का?

लहान किंवा मध्यम अंगणासाठी जरूर घ्यावीत. मात्र यंत्राआधी बॅटरी निवडावी, कारण गवत कापण्याचे यंत्र, कुंपण छाटण्याचे यंत्र आणि ब्लोअर (हवेच्या झोताने पालापाचोळा उडवणारे यंत्र) या सर्वांना एकच बॅटरी चालली तरच हा बदल खऱ्या अर्थाने परवडतो. नुसत्या व्होल्टच्या आकड्यावर जाऊ नये: उदाहरणार्थ, बॅटरीवर लिहिलेल्या ३६ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तास यांचा गुणाकार, म्हणजे १८० वॉट-तास, ही विजेची खरी साठवण. ओले, उंच वाढलेले गवत आणि बोथट पाते ती झपाट्याने संपवतात. पाते साफ करण्यापूर्वी बॅटरी काढावीच, कारण इंजिनाची घरघर नसल्यामुळे यंत्र बंद असल्याचा भास होतो. हंगाम संपल्यावर बॅटरी साधारण अर्धी भरलेली, थंड आणि कोरड्या जागी ठेवावी.