ऊसतोड महिलांची पाहणी सुरू करण्याआधी

चि. —— हिस,
सप्रेम आशीर्वाद.

ऊसतोड महिलांच्या पाहणीसाठी तू तयार केलेला फॉर्म वाचला. दसरा उलटला की टोळ्या बाहेर पडू लागतील आणि मग उन्हाळ्यापर्यंत गावात भेटतील ती म्हातारी माणसे आणि मागे ठेवलेली लेकरे, त्यामुळे तुझी घाई मला समजते. तरीही फॉर्म मोबाइलवर चढवण्याआधी हे पत्र सावकाश वाच.

पाहणी करू नकोस, असे मी मुळीच म्हणणार नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी पूर्वी दबक्या आवाजात बोलले जाई. २०१९ मध्ये बातम्या आल्या, आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३ हजार ८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे समोर आले, तेव्हा कुठे या प्रश्नाकडे दुर्लक्ष करणे सरकारला अवघड झाले. आकड्याशिवाय आपल्याकडे फाइल हलत नाही. मात्र हा आकडा मांडताना एकाही बाईचे नाव जाहीर करावे लागले नाही, हेही ध्यानात घे. त्याच सुमारास गर्भाशय नसलेल्या बायकांचे गाव, अशा अर्थाच्या मथळ्यांखाली काही गावे नावानिशी देशभर पोहोचली. बातमी वाचणारे हळहळले आणि विसरले. त्या गावातल्या मुलींच्या सोयरिकी जुळवताना मात्र ते नाव आईबापांच्या आड येऊ शकते.

आता तुझ्या फॉर्मकडे वळतो. नाव, वय, गाव, तांडा, जात, मोबाइल, आधार क्रमांक, बँक खाते, मुकादमाचे (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराचे) नाव, उचलीची (हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशांची) रक्कम, शिल्लक बाकी, अपत्ये, शस्त्रक्रिया कधी आणि कोणत्या दवाखान्यात, हे सारे रकाने तू एकाच ओळीत बसवले आहेस. ही ओळ जशीच्या तशी मुकादमाच्या मोबाइलवर गेली, तर उचल फिटूनही बाकी दाखवल्याची तक्रार कोणी केली हे त्याला आयते कळेल, आणि पुढच्या हंगामात त्या जोडप्याला कोणताच मुकादम उभे करणार नाही. अशी यादी फुटायला फार काही लागत नाही. तालुक्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी कौतुकाने टाकलेली एक लिंक पुरते.

म्हणून प्रत्येक रकान्यासमोर त्याचा उपयोग लिही. ज्याचा उपयोग लिहिता येणार नाही, तो प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार नाही. या कसोटीवर आधार आणि बँक खाते आधी गळतील. एखादीला ओळखपत्र किंवा भरपाई मिळवून द्यायची असेल तर ते काम वेगळे; तेव्हा कागद घ्यावा, काम झाले की परत द्यावा, आणि आधारची प्रत लागलीच तर शेवटचे चारच अंक दाखवणारी घ्यावी. दवाखान्याचे नाव मात्र ठेव, कारण शस्त्रक्रिया कोठे एकवटल्या आहेत हे त्याशिवाय दिसणार नाही.

नावे काढली की यादी निर्धोक झाली, या समजुतीत राहू नकोस. साठ-सत्तर उंबऱ्यांच्या तांड्यावर पस्तिशीची, दोन मुलींची आई, अमुक मुकादमाच्या टोळीतली, एवढे सांगितले की ती कोण हे शेजारीण लगेच सांगेल. त्यामुळे जाहीर करायचे आकडे तालुक्याच्या पातळीवर ठेव आणि जिथे मोजणी दोन-चार जणींवर येते तिथे तो तपशील छापूच नकोस. नावे आणि सांकेतिक क्रमांक एका वहीत, उत्तरे दुसऱ्या ठिकाणी. वही कुलपात, आणि ती कोणत्या तारखेला नष्ट करायची हे आजच ठरव.

मोबाइल क्रमांकाचे प्रकरण याहून नाजूक आहे. बाई जो नंबर देते तो बहुधा नवऱ्याचा, दिराचा, कधी तर मुकादमाचाच असतो. त्या नंबरवर तुझ्या कार्यकर्तीने शस्त्रक्रियेबाबत चौकशीचा संदेश पाठवला, तर आपण तिची मदत केली की तिला घरात उघडी पाडली? फोन कोणाचा आणि त्यावर कोणत्या विषयावर बोललेले चालेल, हे तिलाच विचार.

संमतीच्या कागदावर अंगठा उमटला म्हणजे संमती झाली, असे मी मानत नाही. सरपंचाला बरोबर घेऊन गेलीस तर कोणीही नाही म्हणणार नाही. सासू आणि मुकादम जवळपास नसताना बोल. माहितीचे काय करणार हे सांग आणि यातून पैसे मिळणार नाहीत हेही आधीच सांग, कारण तांड्यावर फॉर्म म्हटला की योजना आली असेच वाटते. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्यातही संमती मोकळी, नेमकी आणि दिली तितक्याच सहज मागे घेता येणारी हवी असे म्हटले आहे, आणि १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती सांगितली आहे. कायदा नसता तरी मी हेच लिहिले असते.

साधनांविषयी थोडक्यात लिहितो. रेंज नसताना भरता येणारे कोबो टूलबॉक्स हे पाहणीचे अॅप तू निवडलेस, ते योग्यच, कारण उसाच्या फडाजवळच्या कोप्यांवर (मजुरांच्या झोपड्यांवर) नेटवर्कचा भरवसा नसतो. फोनला लॉक ठेव. माहिती सर्व्हरवर गेली की फोनमधून पुसायला लाव. लिंक असलेल्या कोणालाही उघडेल असे शीट ठेवू नकोस. फोटोच्या फाइलमध्ये ठिकाणाची नोंद असू शकते आणि फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला की ती नोंद सोबत जाते. अहवालाचा मसुदा करायला संपूर्ण तक्ता एआयला देण्याचा मोह होईल. नावे, गावे, फोन काढल्याशिवाय देऊ नकोस. जानेवारी २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीसाठी माहिती साठवणाऱ्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि युद्ध, स्थलांतर, आपत्ती यांत ताटातूट झालेल्यांसह ५ लाख १५ हजारांहून अधिक लोकांची माहिती धोक्यात आली. आपण तर भाड्याच्या खोलीत एका लॅपटॉपवर काम करणारी माणसे.

देणगीदार फोटो मागतील, लाभार्थ्यांची यादी मागतील. मोजणी द्यावी, पाहणीची पद्धत द्यावी, यादी देऊ नये. त्यापायी निधी गेला तर जाऊ दे; यावर मी तुझ्या बाजूने बोलेन.

दोन रकान्यांवर मात्र माझे म्हणणे उलटे आहे. मुकादमाच्या वहीप्रमाणे तू जोडप्याला मिळून एक कोयता धरला आहेस. त्या मोजणीत बाईची मजुरी आणि तिचे खाडे नवऱ्याच्या नावावर जातात. बाईची ओळ स्वतंत्र कर. जातीचा रकाना काढावा, असे तुझ्या सोबतच्या मुलांचे मत असल्याचे तू लिहिले आहेस. माझ्या मते तो राहावा, कारण वंजारी, बंजारा आणि दलित वस्त्यांवरून कोण किती संख्येने जाते हे झाकले तर प्रश्नाचा निम्मा भाग झाकला जाईल. तो जाहीर कसा करायचा हे आकडे आल्यावर ठरवू, आणि ते छापण्याआधी त्याच बायकांना बसवून वाचून दाखवू. दुरुस्त फॉर्म घटस्थापनेपूर्वी पाठव.

कळावे.