शंभर वॅटचा सेट एएमवर पंचवीसच का?

प्रश्न : हौशी रेडिओचा परवाना मिळाल्यावर मी एक जुना एचएफ (लघुलहरींचा) सेट विकत घेतला. त्याच्या माहितीपुस्तिकेत एसएसबी (सिंगल साइडबँड, म्हणजे वाहक लहर वगळून आवाज पाठवण्याची पद्धत), सीडब्ल्यू (मोर्स संकेत) आणि एफएमसाठी १०० वॅट, पण एएमसाठी फक्त २५ वॅट असे छापले आहे. एसएसबीवर बोलताना माझ्या साध्या वॅटमीटरचा काटाही पंचवीस-तीसच्या पुढे जात नाही. गावात वीज जाते तेव्हा सेट ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालवतो. माझी फसवणूक झाली आहे का?
— एक वाचक, तालुका आर्वी, जिल्हा वर्धा

उत्तर : केवळ या दोन आकड्यांवरून फसवणूक झाली असे म्हणता येणार नाही. एएमचे २५ वॅट हे आपण गप्प असतानाही हवेत जाणाऱ्या वाहक लहरीचे असतात. आवाज पूर्ण मोड्युलेशनला (आवाजानुसार वाहक लहर कमीजास्त होण्याच्या कमाल मर्यादेला) पोचला की त्या लहरीचे व्होल्टेज शिखरावर दुप्पट होते, आणि शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ती चौपट, म्हणजे बरोबर १०० वॅट होते. सेटची कमाल क्षमता तेवढीच आहे. म्हणून एएममध्ये वाहक लहर पन्नास-साठ वॅटपर्यंत चढवण्याचा मोह टाळावा. शिखरे कापली जातात, आवाज फाटतो आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर बोलणाऱ्यांना उगाच त्रास होतो.

एसएसबीमध्ये वाहक लहर नसतेच. तिथले १०० वॅट आवाजाच्या शिखराचे आहेत, तर साधा वॅटमीटर सरासरी दाखवतो, आणि माणसाच्या बोलण्यात शिखरे क्षणभरच येतात. कडबा कुट्टीच्या मोटरवर पेंढी सरकवली की भार येतो, एरवी ती हलकी फिरते, तसेच हे आहे. एफएमची गत मात्र शेतातल्या पंपासारखी असून बटण दाबल्यापासून सोडेपर्यंत पूर्ण भार असतो. म्हणून पुस्तिकेत १०० वॅट लिहिले असले, तरी आपल्याकडच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात एफएमवर लांबलचक बोलायचे असेल, तर शक्ती निम्म्यावर आणावी, असे माझे मत आहे. आउटपुट ट्रान्झिस्टर उष्णतेनेच जातात, आणि जुन्या सेटचे ट्रान्झिस्टर सहजी मिळत नाहीत.

खरी परीक्षा सीडब्ल्यूवर होते, कारण मोर्सची कळ (की) दाबून धरली असता सरासरी आणि शिखर एकच असतात. अँटेना काढून ५० ओहमचा, १०० वॅट सोसणारा डमी लोड (शक्ती हवेत न सोडता उष्णतेत जिरवणारा रोध) जोडावा, पूर्ण शक्ती लावावी आणि कळ चार-पाच सेकंदच दाबावी. काटा शंभराच्या आसपास गेला, तर सेट ठणठणीत आहे. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर तो सत्तर-ऐंशीला अडला, तरी लगेच घाबरू नये. असे सेट साधारणपणे १३.८ व्होल्टसाठी बनवलेले असतात आणि पूर्ण शक्तीला सुमारे २० अँपिअर ओढतात, त्यामुळे बारीक आणि लांब तारेत एक-दीड व्होल्ट सहज गळतो. कळ दाबलेली असताना व्होल्टमीटर बॅटरीच्या टोकांवर नव्हे, तर सेटच्या मागच्या सॉकेटवर लावून पाहावा.