ट्रेडमिलचे दांडे सोडायला शिका

तुम्ही १० टक्के चढावर ताशी ५ किलोमीटर वेगाने चालता, पण समोरचा दांडा घट्ट धरून मागे रेलता, हे पाहून लिहावेसे वाटले. हात सोडून चालल्यास त्या चढावर सपाटीच्या दुपटीहून अधिक ऊर्जा लागते. मात्र दांड्याला लोंबकळून शरीर पट्ट्याशी काटकोनात आले, की पाय जवळजवळ सपाटीवरच चालत असतात आणि पडद्यावरचा कॅलरींचा आकडा, जो तुमचे पूर्ण वजन पायांवर आहे असे धरून काढलेला असतो, फुगलेला दिसतो. हृदयरोगतज्ज्ञ ट्रेडमिलवर ताणचाचणी (श्रम करताना हृदय कसे काम करते याची तपासणी) घेतात तेव्हाही रुग्णाला दांडे घट्ट धरू देत नाहीत, कारण त्याने क्षमता आहे त्याहून जास्त भासते.

म्हणून वेग ताशी ३.५ किलोमीटरपर्यंत उतरवा, चढ शून्यावर आणा, नजर समोर ठेवा आणि हात खांद्यांपासून मोकळे हलू द्या. सुरुवातीला तोल गेल्यासारखे वाटेल. तेव्हा बोटांची टोके दांड्यावर नुसती टेकवा, भार देऊ नका. हात सोडून दहा मिनिटे सहज चालता येईपर्यंत चढ वाढवू नये, असे माझे ठाम मत आहे.

पट्टा सुरू होताना, थांबताना किंवा चक्कर आल्यास मात्र दांडा अवश्य धरा, कारण तो त्यासाठीच आहे. गुडघेदुखी वा तोलाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने आधार ठेवावा. सुरक्षा-दोरीची, म्हणजे तुम्ही पडल्यास ओढली जाऊन पट्टा थांबवणाऱ्या दोरीची, क्लिप कपड्यांना रोज लावा. बहुतेक जण ती लावतच नाहीत, याची मला खरोखर काळजी वाटते.