ओढ्याकाठचा गंजलेला बॉयलर: वाफेवरची करवत गिरणी होती का?

पाटण तालुक्यात ओढ्याकाठी चार चाकांवरचा गंजलेला बॉयलर पडलाय आणि शंभरएक वर्षांपूर्वी तिथे वाफेवर लाकूड कापायची गिरणी होती असं गावात म्हणतात, हे खरं की खोटं कसं ठरवायचं, असं तुम्ही विचारलंय.

नुसत्या बॉयलरवरून काहीच ठरत नाही. पाठीवर इंजिन बसवलेलं असलं चार-पाच टनांचं धूड रेल्वेने कऱ्हाड स्टेशनापर्यंत आणता येई, पुढे बैल जुंपायचे. मग पट्टा लावून त्यावर उसाचा चरक, जिनिंग, पिठाची गिरणी, काहीही चालवत. तुम्ही करवतीची खूण शोधा.

सगळ्यात पक्की खूण पुलीची. इंजिन मिनिटाला १४० च्या आसपास फेरे घेतं. ४ फुटी गोल करवत नीट कापायची तर तिला ७०० ते ७५० फेरे लागतात. इंजिनाचं फ्लायव्हील, म्हणजे पट्टा चढवायचं जड चाक, ५ फुटी असेल, तर करवतीच्या शाफ्टवरची पुली जेमतेम १ फुटाची निघते. चरकाचं नेमकं उलट: तिथे वेग उतरवायचा असतो, म्हणून पुली मोठी आणि पुढे दातेरी चाकं. छोट्या पुलीचा जाड शाफ्ट आणि त्यावर करवत आवळायच्या बशीएवढ्या दोन चकत्या सापडल्या, की वाद मिटला.

शाफ्ट बहुधा भंगारात गेला असेल. मग जोतं बघा. ओंडका रुळांवरच्या गाड्यावर बांधून करवतीवर ढकलायचा, त्यामुळे २० फुटी ओंडक्याला ४० फुटांहून लांब, अरुंद जोतं लागतं आणि मधोमध भुशाचा खड्डा. बॉयलर तिथून २०-२५ फुटांवर ठेवायचा, म्हणजे पट्टा पुलीला नीट धरतो आणि धुराड्यातल्या ठिणग्या भुशावर पडत नाहीत.

ओढा जवळ असणं ही खूण नव्हे, पाणी सगळ्यांनाच लागायचं. १० अश्वशक्तीचं इंजिन तासाला दीड-दोनशे लिटर पाण्याची वाफ धुराड्यातून सोडून देतं. जळण मात्र करवत गिरणीत फुकट: ओंडक्याच्या कडेची सालपटं. ओला भुसा नुसता धुमसतो. खरी भीती बॉयलरमधलं पाणी उतरण्याची. भट्टीचं छत पाण्याबाहेर आलं की तापून मऊ पडतं आणि वाफेच्या दाबाने खाली बसतं; छतातलं शिशाचं बूच त्याआधी वितळून वाफ विस्तवावर सोडतं. ओल्या काठावर एक चाक खचलं, तरी पाणी दाखवणाऱ्या काचेतली पातळी फसवते. तुमच्या बॉयलरचं छत खाली वाकलेलं असेल, तर तो तिथेच का पडून राहिला हेही कळेल.

अशी गिरणी फायद्यात चालवणं सोपं नव्हतं. गोल करवतीची चीर पाव इंच; १ इंची फळ्या काढल्या तर पाचवा हिस्सा भुशात. शिवाय सागात सिलिका, म्हणजे वाळूतलाच कठीण पदार्थ, असते, दात लवकर बोथट होतात. बोथट करवत कडेला तापते, लहरते आणि फळी वाकडी निघते. हाताने कापणाऱ्या जोड्या टिकून राहिल्या, त्याचं हेही एक कारण.

साल हवं असेल तर सिलिंडरजवळ कंपनीची पितळी पट्टी शोधा. गेन्सबरोचे मार्शल किंवा लिंकनचे रस्टन प्रॉक्टर असं काही असू शकेल. इंजिनाचा नंबर त्यावरच असतो. पट्टी चोरीला गेली असल्यास पत्र्यावर कोरलेला नोंदणी नंबर बघा. १९२३ च्या बॉयलर कायद्याने नोंदणी सक्तीची झाली, म्हणजे त्यानंतर रीतसर चालवला असेल तर नंबर असणारच. घासायला तारेचा ब्रश आणि रॉकेल घ्या. ग्राइंडर लावलात तर गंजाबरोबर अंकही जातील.