लिव्हरच्या गाठीत ‘खडा’, ‘चुना’ की ‘क्षार’?

प्रश्न जळगावचा आहे. सीटी स्कॅनच्या रिपोर्टात ‘लिव्हरच्या गाठीत कॅल्सिफिकेशन, कॅन्सरची शंका’ असं आलंय. घरच्यांना मराठीत काय सांगायचं? कुणी ‘खडा’ म्हणतं, कुणी ‘चुना’.

परिभाषेत ‘कॅल्सीभवन’ आहे, पण तो शब्द कानावर पडताच समजेल असं घर धुळे-नंदुरबारातच काय, पुण्यातही शोधावं लागेल. बोलताना ‘गाठीत क्षार साचलेत’ म्हणावं. बोअरच्या पाण्याने हंड्याला धरतात तो क्षार सगळ्यांना ठाऊक असतो. फक्त हे पाण्यामुळे झालेलं नाही, एवढं सोबत सांगायचं.

‘खडा’ टाळाच. खडा पित्ताशयात, पित्तनळीत, मूत्रपिंडात, म्हणजे पोकळ जागेत होतो आणि वेगळा काढता येतो. हे क्षार गाठीच्या मांसातच मुरलेले असतात. ‘लिव्हरमध्ये खडा आहे’ असं सांगितलं तर नवा डॉक्टर पित्तनळीचा विचार करतो आणि घरी मुतखड्याचं औषध सुरू होतं, ते वेगळंच. ‘चुना’ म्हटलं की दोष तंबाखूच्या डबीवर जातो, नाहीतर कॅल्शियमच्या गोळ्या परस्पर बंद होतात. खरं तर गाठीच्या काही भागाला रक्त पुरत नाही, तो मरतो आणि त्या मेलेल्या पेशींवर क्षार बसतात. रक्तातलं कॅल्शियम बहुतेक वेळा नॉर्मलच असतं.

सर्वांत घातक शब्द मात्र ‘सुकलेली गाठ’. टीबीच्या जुन्या गाठीत क्षार दिसले तर ती बहुधा बरी झालेली असते, म्हणून हा अर्थ इथेही चिकटवला जातो. लिव्हरच्या कॅन्सरमध्ये क्षाराला लागून जिवंत पेशी असू शकतात. नेहमीच्या हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमात, म्हणजे लिव्हरच्या पेशींतूनच सुरू होणाऱ्या कॅन्सरमध्ये, उपचाराआधी क्षार क्वचितच सापडतात. म्हणून ते दिसले की डॉक्टर दुसऱ्या शक्यता तपासतात. रुग्ण तरुण, सिरोसिस (लिव्हर व्रणांनी कडक होणं) नाही, एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरसाठी रक्तात तपासतात ती खूण) नॉर्मल आणि गाठीच्या मध्यावर क्षार धरलेला व्रण असेल, तर लिव्हरच्या कॅन्सरचा फायब्रोलॅमेलर हा दुर्मीळ प्रकार. त्यात शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पसरलेल्या गाठींतही क्षार धरतात; मग कोलोनोस्कोपी लागते आणि केमोची औषधंही बदलतात. अंड्याच्या कवचासारखी गोल कड दिसली तर हायडॅटिड, म्हणजे कुत्र्यांच्या जंतामुळे होणारी पाण्याची गाठ. मेंढ्या-कुत्र्यांशी संबंध असेल तर तो आवर्जून सांगावा, कारण जिवंत हायडॅटिडमध्ये सुई घातली आणि पाणी सांडलं तर जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते. बायोप्सी करायचीच तर सुई क्षार नसलेल्या, रक्तपुरवठा असलेल्या भागात जायला हवी. कडक तुकड्यात निदानाला पेशी मिळत नाहीत. सोनोग्राफीत क्षारामागे काळी सावली पडते, सुईचं टोक त्यात हरवतं, म्हणून अशा वेळी सीटी बरा.

‘पांढरं दिसतंय’ हेही नुसतं सांगू नये. टेस (गाठीच्या रक्तवाहिनीतून केमो सोडून तिचा रक्तपुरवठा बंद करण्याचा उपचार) झालेल्या रुग्णाच्या गाठीत लिपिओडॉल हे आयोडीनयुक्त तेल राहतं आणि सीटीत ते क्षारासारखंच पांढरं चमकतं. शेजारची जिवंत गाठ त्या चकाकीत लपते. म्हणून काँट्रास्ट (शिरेतून देतात ते, रक्त उठून दिसण्याचं औषध) देण्याआधीचा साधा सीटी हवाच, आणि संशय उरला तर एमआरआय; तिथे लिपिओडॉल आड येत नाही. टेस कुठल्या तारखेला झालं, ते रिपोर्ट वाचणाऱ्याला कळवा, जुनी सीडीही न्या. उपचार लागू पडला का, हे पांढरा डाग वाढला-घटला यावर ठरत नाही. काँट्रास्ट दिल्यावर गाठीचा कुठला भाग रक्त घेतो, यावर ठरतं.

आणखी एक चकवा. रिपोर्टात ‘मेटास्टॅटिक कॅल्सिफिकेशन’ असेल तर त्याचा अर्थ कॅन्सर पसरला असा नाही. रक्तातलं कॅल्शियम किंवा फॉस्फरस वाढल्यामुळे, उदाहरणार्थ मूत्रपिंड निकामी झाल्यावर, धडधाकट अवयवांत साचलेल्या क्षारांना तसं म्हणतात. ‘कॅल्सिफाइड मेटास्टॅसिस’ असेल तरच ती पसरलेल्या कॅन्सरची क्षार धरलेली गाठ. मराठीत पहिल्याला ‘रक्तातून साचलेले क्षार’ आणि दुसऱ्याला ‘क्षार धरलेली पसरलेली गाठ’ म्हटलं, की घोळ होत नाही.